पंधराव्या गड्याची हकीकत

नमन मैदानाच्या धुळीस, नमन फुटल्या गुडघ्यांस. शके १९३१, विरोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी उपनगरप्रांती जे वर्तले ते यथास्थित लिहिले आहे, सावधान होऊन ऐकावे.

त्या प्रांती श्रीमती रोहिणीबाई घरत शाळेत कवायत शिकवीत असत. त्यांणी परमुलखातून अंडाकृती चेंडू आणविला आणि रग्बी नामे खेळाचे मंडळ स्थापिले. खेळाचा कायदा ऐसा जे, चेंडू हाती घेऊन शत्रूच्या रेषेपलीकडे टेकवावा, परंतु सोबत्याकडे फेकावा तो मागेच, पुढे फेकलियास अपराध. लोक हांसोन म्हणाले, 'पुढे जावयाचे आणि मागे फेकावयाचे, हे तो सरकारी काम जाहले.' तरी रिक्षावाले, नळकामवाले, बँकेचे कारकून ऐसे गडी मिळाले आणि रोज सकाळी एकमेकांस आडवे पाडून संतोषाने कामास जाऊ लागले.

मग त्याच मैदानात फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांचे मुख्य राजश्री गजाननराव फणसळकर, वय सहासष्ट, पायी पांढरे बूट, मोठे करारी, यांणी कचेरीत अर्ज गुदरला की, 'हे लोक मैदानात लोळतात, आम्ही चालावे कोठे?' आणि कचेरीचा हुकूम जाहला की, रविवारी पुरते पंधरा गडी उभे करून सामना खेळावा, एक कमी पडला तर मैदान फणसळकरांचे.

रविवारी खाडीपलीकडील फौज दाखल जाहली, एकेक गडी कपाटाएवढा. इकडे चौदाच. पंधरावे महादेव पाटकर गॅसचा सिलिंडर येणार म्हणोन घरी अडकले. रोहिणीबाईंचे तोंड उतरले. फणसळकर हर्षभरित होऊन मैदानात शिरले आणि गड्यांस बोट लावून मोजू लागले, आणि तेच समयी पंचांनी दुरून माणसे मोजली, पंधरा भरली, आणि शिटी फुंकली. मग एकच गर्दी जाहली. फणसळकर 'अहो, मी नव्हे! मी मोजतोय!' म्हणोन ओरडत राहिले आणि बाहेर निघावे तो जिकडे तिकडे झुंबड. शेवटी चेंडू उडोन त्यांच्याच कवेत आला आणि पंधरा कपाटे त्यांजवर चालोन आली. रोहिणीबाई ओरडल्या, 'काका, पळा!' काका पळाले. एक बूट गळाला, चष्मा गेला, आणि रेषेपलीकडे चेंडूसकट पालथे पडले. पाच गुण जाहले. गड्यांनी त्यांस खांद्यावर घेतले.

पुढे शत्रूने बासष्ट गुण केले. सामना सरला, पंचांनी वही काढोन विचारिले, 'पंधरावा गडी कोण?' सर्वांनी फणसळकरांकडे पाहिले. 'मी नव्हे' इतके बोलावे तो मैदान फणसळकरांचे. ते गुडघ्याची माती झाडीत राहिले, मग हळूच बोलिले, 'शाळेत आम्हांस कधी खेळात घेतले नाही. चपला राखावयास बसवीत.' आणि पंचांस म्हणाले, 'लिहा. गजानन फणसळकर.'

रोहिणीबाईंनी डोळे पुसले. 'काका, उद्या सकाळी साडेसातास सराव आहे.'

'साडेसातास ऊन चढते,' फणसळकर गर्जले. 'सहास ठेवा.'

येणेप्रमाणे सामना गेला आणि मैदान राहिले. फणसळकर तीन आठवडे काठी टेकोन चालले, आणि कोणी पुसले की, 'काय हो, पडलात काय?' तर म्हणत, 'छे, खेळताना लागले.' इति.