भूतबंगल्याचे मालक

आमच्या शेजारचे अण्णा माणसाची पारख किंकाळीवरून करायचे. घराणं, शिक्षण, नोकरी यांना त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीला एका किराणा दुकानदाराचं स्थळ सांगून आलं, तेव्हा वडिलांनी पत्रिका जुळवली आणि अण्णांनी मुलाला स्वतःच्या भूतबंगल्यातून फिरवून आणलं. मुलगा बाहेर आला तो एका पायातली चप्पल आतच ठेवून. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाही चालायचं हे. घाबरला की माणूस आईला हाक मारतो, देवाला मारतो. याने दुकानातल्या मुनीमाला मारली." वडिलांनी अण्णांना आठवडाभर शिव्या घातल्या आणि मग गुपचूप नकार कळवून टाकला.

अण्णांचा खरा धंदा मांडव-डेकोरेशनचा. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या दारात बांबू कायम आडवे पडलेले. येणारा-जाणारा ठेचकाळून त्यांचा उद्धार करायचा, मीही केलाय. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मैदानावर आनंदमेळा उभा राहिला की या गृहस्थाच्या अंगात यायचं. ऐन लग्नसराईत, लोक मांडवासाठी दारात उभे असताना, हा त्याच बांबूंचा भूतबंगला बांधायचा. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या. "लोक अक्षता टाकायला बोलावतात आणि आमचे हे कवट्या टांगायला जातात," म्हणायच्या.

तो बंगला म्हणजे काळी ताडपत्री, प्लायवूड आणि अण्णांचं डोकं. चालताना मध्येच जमीन मऊ लागायची, कारण खाली जुन्या गाद्या. ओलं गोणपाट बरोबर तोंडावर यायचं. एकलहऱ्याकडच्या एका भंगारवाल्याकडून आणलेला अजस्र पंखा एका वळणावर मानेवर थंड वारा सोडायचा. तिरडीवरचं प्रेत मात्र जिवंत होतं. पेठकडचा काशिनाथ, भातशेतीची कामं नसली की मजुरीला नाशकात यायचा, तो पांढरं कापड घेऊन पडून राहायचा आणि माणूस जवळ आला की उठून बसायचा. एकदा तो खरोखरच झोपला आणि घोरायला लागला. त्या दिवशी बायका अशा किंचाळल्या की शेजारचा आकाशपाळणा थांबवून लोक बघायला आले. अण्णा बेहद्द खूश. म्हणाले, "काशिनाथ, आता रोज घोरायचं." तो म्हणाला, "अण्णा, ठरवून नाय येत घोरणं. झोप लागाया पायजे."

एवढा भुतांचा कारभार, पण अण्णांचा स्वतःचा भुतावर तिळमात्र विश्वास नव्हता. कोणी विचारलंच, अण्णा, तुम्हाला कधी काही दिसलं का, तर म्हणायचे, "अहो, खरं मिळालं असतं तर पेठहून माणूस कशाला आणला असता? मेला तो गेला. हिशेब संपला." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्ही पोरंटोरं त्यांची नक्कल करायचो.

वहिनी बाहेर पडायच्या दारापाशी माठ घेऊन बसत. आतून थरथरत आलेल्या प्रत्येकाला पाणी द्यायचं, लहान मूल असलं तर पाठीवरून हात फिरवायचा, "काही नाही रे, सगळं खोटं आहे," म्हणायचं. म्हणजे नवऱ्याने आत घाबरवायचं आणि बायकोने बाहेर निस्तरायचं. मूलबाळ नव्हतं त्यांना. दिवसभर परक्यांच्या मुलांचे डोळे पुसायच्या बिचाऱ्या. स्वतः मात्र आत कधी गेल्या नाहीत. मेळा सुरू व्हायच्या दिवशी अण्णा दरवर्षी गळ घालायचे, "चल ना एकदा, बघ तरी मी काय केलंय." वहिनी म्हणायच्या, "मला घरातलं एक पुरे आहे."

पुढे दिवस फिरले. टीव्हीवर भुतांच्या मालिका आल्या, लोक जेवताना भुतं बघायला लागले. मग मोबाइल आले. पोरं आत शिरायची आणि मोबाइलचा उजेड काशिनाथच्या तोंडावर मारून त्यालाच घाबरवायची. गाद्या दिसायच्या, गोणपाट दिसायचं. बाहेर येताना हसत यायची सगळी. वहिनींचा माठ भरलेला तसाच राहायचा. अण्णा ताडपत्रीला टेकून उभे असायचे. मला बघवायचं नाही. काशिनाथही एका वर्षी आला नाही, तेव्हा तिरडीवर अण्णा स्वतः झोपले.

त्याच वर्षी थंडीत वहिनी गेल्या. ताप आला, छातीत कफ भरला, आणि बघता बघता खेळ आटोपला. अण्णा रडले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना चहा विचारत होते. "मेला तो गेला," हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

दहाव्याला आम्ही गोदाघाटावर गेलो. क्रिया अण्णाच करत होते, आणि मदतीला शेजारी म्हणून मी. पिंड मांडले, दर्शन झालं, सगळे मागे सरकले. आमच्या घाटावरचे कावळे म्हणजे महानिर्ढावलेले. गुरुजींच्या हातातून भात पळवतील. त्या दिवशी मात्र एकही शिवेना. यायचे, पायरीवर उतरायचे, दोन उड्या मारायचे आणि उडून जायचे.

कुजबुज सुरू झाली. वहिनींचे भाऊ पुढे आले. "दाजी, ताईचा जीव त्या भूतबंगल्यात अडकलाय. बंद करतो म्हणा."

"बंद केला," अण्णा लगेच म्हणाले. मला चरकल्यासारखं झालं. आयुष्य घातलेली गोष्ट माणसाने अशी एका शब्दात सोडावी.

कावळा आला आणि गेला.

"तब्येतीला जपेन म्हणा." जपेन. "एकटा राहणार नाही, तुमच्याकडे येईन म्हणा." येईन. अण्णा मान खाली घालून सगळ्याला हो म्हणत होते. कावळा काही शिवत नव्हता. ऊन चढलं. बायका रडायला लागल्या, वहिनींचं काय राहिलं असेल म्हणून. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तरी म्हणाले, अजून थोडा वेळ बघू.

मी अण्णांच्या शेजारीच होतो, म्हणून मला दिसलं. त्यांच्या मांडीवर ओला पंचा होता. कावळा पिंडाकडे झेपावणार, नेमक्या त्या क्षणी पंच्याचं टोक किंचित हलायचं. मागे बसलेल्यांना दिसणार नाही इतपतच. कावळा दचकून उडायचा. आयुष्यभर लोकांना घाबरवलेला हात तो, चुकत नव्हता.

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "काय करताय हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "शिवला की गेलीच ना ती," म्हणाले. "आणि काही राहिलंय म्हणतायत तर राहू दे की. जरा थांबू दे."

मागे सगळी माणसं हात जोडून, वहिनी सुटाव्यात म्हणून देवाला विनवत होती.

इतक्यात एक म्हातारा कावळा माझ्या बाजूने उतरला. तिथवर अण्णांचा हात पोचत नव्हता. तो एकेक पाऊल टाकत पिंडाजवळ आला, मान वाकडी करून भाताकडे बघू लागला. अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी त्यांच्या बंगल्यातून बाहेर येणाऱ्या लहान मुलांचे पाहिले होते.

मी पाय लांब केला. कावळा उडाला.