एक्केचाळीस ते साठ

काकूंची कादंबरी अकरा एजंटांनी साभार परत केली होती. लेखकांची बाडं प्रकाशकांच्या गळ्यात मारणं हा या मंडळींचा धंदा, पण नकाराची पत्रं मात्र झकास लिहीत. एकाला शेवट 'हृदयस्पर्शी' वाटला होता, दुसऱ्याला तोच शेवट 'अपेक्षित'. काकू पत्र बाजूला ठेवून आधी बाड तपासत. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या या बाईने एक्केचाळीस ते साठ ही पानं कडेने पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकली होती. टाके तोडल्याशिवाय ती वाचणं शक्य नव्हतं. अकराही वेळा टाके जसेच्या तसे परत आले.

"लोकांना वाचायचंच नसतं," काका म्हणत. "मी तीनदा वाचली. एक नंबर आहे."

बाराव्या एजंटाचा होकार आला. काकांनी ती बातमी ऑफिसात सांगितली, गल्लीत सांगितली, नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही सांगितली. करारावर सही करायला जायचं म्हणून त्यांनी रजा टाकली, बूट चकचकीत केले आणि फोटोत धरायला घरातली प्रत पिशवीत घातली.

एजंट भलताच बोलका निघाला. "मॅडम, काय लिहिलंय तुम्ही! एका बैठकीत संपवली. शिवणकाम करणारी लेखिका, हे चालणार बघा. फक्त शेवट थोडा गोड करू. सही इथे करा."

काकूंनी पेन घेतलं नाही. टेबलावरचं बाड पुढ्यात ओढून त्यांनी अंगठ्याने पानांची कड चाचपली. टाके होते.

"ही वीस पानं शिवलेली आहेत. तुम्ही कशी वाचलीत?"

एजंट पाणी प्यायला. "अहो, अनुभवी माणसाला पहिल्या दहा पानांत अंदाज येतो."

"मग शेवट गोड करायचा, ते कितव्या पानावर कळलं?"

काकांनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. "अगं, हो म्हणतायत ना ते? सही कर आणि मोकळी हो."

"अकरा जण न वाचता नाही म्हणाले, हे न वाचता हो म्हणतायत. मला फरक काय पडला?"

"साहेब, तिचं सोडा. चांगलीच आहे कादंबरी. मी स्वतः तीनदा वाचलीय," असं म्हणत काकांनी पिशवीतली प्रत टेबलावर ठेवली आणि पुरावा म्हणून मधोमध उघडायला गेले. ती उघडेना. घरातली प्रतही काकूंनी दोन वर्षांपूर्वी त्यांना शिवूनच दिली होती.

काकूंना राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. अकरा परक्यांचं मिळून एवढं लागलं नव्हतं. त्यांनी पर्समधून कात्री काढली, दोन्ही बाडांचे टाके कराकरा तोडले आणि दोघांपुढे एकेक बाड सरकवलं.

"वाचा. मी बसलेय."

एजंटाचा फोन वाजला. त्याने हात पुढे केला, काकूंच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

सत्तेचाळिसाव्या पानावर काका थबकले. "अगं, या नवऱ्याला तू घराबाहेर काढलंस?"

"दोन वर्षं झाली त्याला."

"परत घेते ना ती त्याला?" काका घाईघाईने शेवटची पानं उलटू लागले.

"क्रमाने वाचा."

बाहेर ताटकळलेले दोन लेखक कंटाळून निघून गेले. संध्याकाळी एजंटाने चष्मा पुसला. "मॅडम, ही छापायलाच हवी. खरंच सांगतो. पण तिने नवऱ्याला परत घ्यायला हवं होतं."

"मलाही तसंच वाटतं," काका हळूच म्हणाले.

काकूंना कित्येक दिवसांनी बरं वाटलं. शेवट दोघांनाही पटला नव्हता, म्हणजे दोघेही शेवटापर्यंत पोचले होते.

"आता मी वाचते," म्हणून त्यांनी करार उचलला. चार पानं, ओळीओळीवर बोट ठेवून. तिसऱ्या पानावर, गरजेनुसार शेवट बदलण्याचा हक्क एजंटाकडे राहील, अशी एक ओळ सापडली. काकूंनी कात्रीने तेवढी ओळ सरळ कापून काढली, ती एजंटाच्या हातावर ठेवली आणि उरलेल्या करारावर सही केली.