गुरांच्या हौदातला बाप्तिस्मा

नदी आटली होती आणि पाद्री ग्रॅडींचं टेक्सासला परतायचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं. दोन आठवड्यांच्या धर्मसेवेसाठी ते मासाई गुराख्यांच्या मुलखात आले होते आणि कुणालाच बाप्तिस्मा न देता त्यांना जाववेना. त्यात त्यांच्या मते डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस अख्खा बुडायला हवा.

"अख्खा माणूस बुडेल एवढं पाणी फक्त ओले सांकाले म्हातारबांच्या गुरांच्या हौदात आहे," गावचा प्रचारक लेकिशोन चाचरत म्हणाला.

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं म्हातारबांपाशी. ओले सांकाले चर्चकडे कधी फिरकले नव्हते. पण चर्चला पाणी मिळे ते त्यांच्याच विहिरीचं. लेकिशोननं जाऊन गळ घातली.

"गुरं यायच्या आत उरका," म्हातारा म्हणाला. "आणि मला त्यात ओढू नका."

उरकलंही असतं, पण हौदात उभे राहून पाद्रीसाहेब प्रत्येकाला बुडवण्याआधी लांबलचक प्रार्थना करत, आणि लेकिशोनला ती तेवढ्याच लांबीनं मासाईत सांगावी लागे. शेवटची बाई बाहेर पडते न पडते तोच धुळीचा लोट उठला. गुरं आली! एक तहानलेलं वासरू थेट हौदात कोसळलं. मागोमाग ओले सांकाले धावत आले आणि वासराला धरायला कमरेपासून आत वाकले.

पाद्रींचा चष्मा चिंब झालेला. त्यांना दिसलं ते एवढंच : लाल वस्त्र आणि वाकलेली मान. त्यांनी ती प्रेमानं धरली.

लेकिशोन ओरडला. पण घाईत त्यानं पाद्रींना मासाईत 'थांबा' म्हटलं आणि म्हाताऱ्याला इंग्रजीत 'सरका'. दोघांनाही कळलं नाही. डुबुक!

म्हातारा वर आला तेव्हा हौदाभोवती गाणाऱ्या बायकांचं गाणं मध्येच तुटलं होतं. लेकिशोनला कळून चुकलं : आता पाणी बंद!

"काय केलं रे यानं?"

"आशीर्वाद दिला, बाबा."

"न विचारता?"

"चष्म्यामुळं, बाबा."

"वाकायला सांग त्याला."

पाद्री वाकले. म्हाताऱ्यानं गाल भरून त्यांच्या टकलावर थुंकी टाकली. पाद्रींबरोबर टेक्सासहून आलेली एक बाई किंचाळलीच.

"साहेब, रागावू नका," लेकिशोन धापा टाकत म्हणाला. "हाही आशीर्वादच आहे. बाप मुलाला देतो तसा."

ग्रॅडींचे डोळे भरून आले. "त्यांना सांग, मी धन्य झालो."

"होऊ दे धन्य," म्हातारा म्हणाला. "पण हौद गढूळ केलाय, गुरं तोंड लावत नाहीत. पोरगा झाला ना माझा? मग बादली घे म्हणावं."

"बाबा, उद्या त्यांचं विमान आहे."

"आज तर नाही ना?"

ऊन कलेपर्यंत पाद्री हौद उपसून विहिरीचं ताजं पाणी शेंदत होते. तळहाताला फोड आले, पण चेहरा खुललेला. गुरं पोटभर प्याली तसे ओले सांकाले उठले.

"लेकिशोन, रविवारी मी येतोय तुमच्या चर्चला."

"पण बाबा, तोवर ते टेक्सासात असतील."

"म्हणून तर! पोरगा परगावी गेला की मागं त्याचं घर कुणी बघायचं? बापानंच ना?"