आठ ओळींची सखोल पार्श्वभूमी

कविता नीट समजून घ्यायची असेल तर सर्वप्रथम तिच्यापासून सुरक्षित अंतर राखावे, हे शिक्षणशास्त्राचे मूलभूत तत्त्व आहे. मुलुंड पूर्वेच्या अक्षता परुळेकरला ते कुणी शिकवलं नव्हतं, उपजतच होतं.

तिची लेक इरावती सातवीत. मागच्या तोंडी परीक्षेत मराठीच्या मिससमोर ती मख्ख उभी राहिली आणि रडत घरी आली. तेव्हापासून अक्षताची झोप उडाली होती. या वेळी आठ ओळींची कविता होती, आणि पोरीच्या तोंडून पुन्हा शब्द फुटला नाही तर वाट लागली, एवढं तिला कळत होतं.

तिने आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाक मारली आणि बघता बघता संदर्भसाहित्याचा पूर आला. कवीच्या गावाचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ (गाव दुसरंच निघालं, पण शूटिंग झकास). कवीच्या चष्म्याचा इतिहास. ‘आठ ओळी, ऐंशी प्रश्न’ नावाची पीडीएफ. घाटकोपरच्या एका सरांचं दीड तासाचं व्याख्यान, ज्यात पहिला पाऊण तास चॅनल सबस्क्राइब करण्याचं महत्त्व विशद केलं होतं. विक्रोळीच्या एका आईने तर कवीच्या काळच्या पर्जन्यमानाचा तक्ता पाठवला. ग्रुपच्या मते यातलं ९२ टक्के साहित्य अत्यंत उपयुक्त होतं (उघडून पाहणाऱ्यांची टक्केवारी उपलब्ध नाही).

अक्षताचा नवरा हर्षद याने एकदाच भीत भीत विचारलं, की पोरीने पुस्तक उघडलंय का. पुस्तक प्रिंटरखाली होतं. त्याशिवाय प्रिंटर डुगडुगायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली आणि सोसायटीचं इंटरनेट गेलं. अक्षता फोन उंच धरून रेंज शोधत गच्चीवर धावली. इरावतीला मात्र करायला काहीच उरलं नाही, म्हणून तिने पुस्तक ओढून काढलं, कविता वाचली आणि चक्क हसली. मग परत वाचली.

दुसऱ्या दिवशी कार्टी उड्या मारत घरी आली. मिसने आवडती ओळ विचारली होती. ही बोलली ती बोलतच सुटली, शेवटी मिससुद्धा हसल्या. दहापैकी दहा. अक्षताला भरून आलं. तिने लेकीला जवळ घेतलं.

“कुठून मिळालं गं तुला हे सगळं?”

“कवितेतून.”

“हो गं, पण कुठल्या साइटवर?”

“आई, पुस्तकात आहे ना ती.”

अक्षताने तत्काळ त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला : ‘अत्यंत दुर्मिळ साहित्य! कुणाकडेच नाही!’ अंगठ्यांचा नुसता वर्षाव झाला. एका आईने यावर कुणाचा व्हिडिओ आहे का, अशी चौकशीही केली.

हसा, खुशाल हसा. तुम्हीसुद्धा ही सगळी पार्श्वभूमी इथपर्यंत मन लावून वाचलीत. कविता कशावर होती, हे एकदा तरी विचारावंसं वाटलं?