गेनू वानराचा चोख निरोप

एका जंगलात वाघाला जांभई आली तरी सगळ्यांना कळवायची पद्धत होती. हसू नका रे पोरांनो, तुमच्याकडं याहून वेगळं काय चाललंय?

कळवायचं काम साळुंकीचं. बिचारी बिळाबिळाशी उडत जाऊन तेच तेच सांगायची. घसा बसला तिचा.

मग वानरांनी सोय काढली. साळुंकीनं झाडावरून एकदाच ओरडायचं. वाट फुटते तिथं एकेक वानर बसेल. ज्या वाटेवरून ‘हवं’ आलं, तिकडं तो निरोप पुढं ओरडेल. ‘नको’ आलं, तिकडं गप्प.

नदीच्या वाटेला चिमा ससीण एकटीच राहायची. पदरी नुकती झालेली पिल्लं. जरा त्यांचा डोळा लागला, की नाक्यावरचा गेनू वानर बोंबलायचा, “वाघोबांनी कूस बदलली होऽऽ!” पिल्लं दचकून रडायची.

“गेनूभावजी, पाया पडते. मला नको तुमची बातमी.”

“नको तर नको, वैनी.”

नाक्यावरून दुसरी वाट डोंगराकडं जायची. डोंगरावरच्यांना मात्र सगळं हवं असायचं. दुसरं कामच काय होतं त्यांना?

एक दिवस साळुंकी जीव तोडून ओरडली, “नदीचा वरचा बांध फुटला! चिमाला सांगा, पिल्लं घेऊन पळ म्हणावं!” स्वतः उडून सांगायची सवय तिची केव्हाच मोडली होती.

गेनूनं ऐकलं. डोंगराकडं तोंड केलं आणि ओरडला, “चिमे, बांध फुटला! पिल्लं घेऊन पळ गंऽऽ!”

वरच्या फांदीवरची खार म्हणाली, “अरे मुडद्या, चिमा खाली राहते!”

“ती नको म्हणालीय.”

“निरोप तिचाच आहे ना?”

“निरोप कुणाचा ते आपण बघायचं नाही. मागितलाय कुणी ते बघायचं.”

डोंगरावर निरोप पोचला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. कोल्हीणबाईनं ओच्यात करवंदं घेतली आणि अख्खा डोंगर तिच्या मागं नदीकाठी उतरला.

चिमा बिळातून डोकावली. दारात ही गर्दी!

“अगंबाई! कुणाचं लग्न आहे का?”

“तू वाहून जाणारेस ना, बघायला आलोय,” कोल्हीण म्हणाली. “जरा बाजूला हो गं, पाणी दिसत नाही.”

चिमानं मागं पाहिलं. पाणी येतच होतं. तिनं एकेक पिल्लू एकेकाच्या कुशीत कोंबलं आणि ओरडली, “पळा!” पिल्लांसकट सगळे डोंगरावर पळाले. बीळ गेलं, करवंदं गेली, पिल्लं वाचली.

कोल्हीण कुरकुरली, “नीट बघूसुद्धा दिलं नाही मेलीनं.”

गेनूचा सत्कार झाला. निरोप चोख पोचवल्याबद्दल.

तात्पर्य: संकटाचा निरोप आपल्याला मिळाला नाही तरी चालतं. रिकामटेकड्यांना तेवढा वेळेवर मिळाला पाहिजे.