वाघजाळी धरणाचा चार्ज

मंगळवारी सकाळी सात चाळीसला वाघजाळी धरणाच्या नियंत्रण कक्षात नव्या मॉड्यूलने, जुन्याकडून रीतसर चार्ज मिळाल्याशिवाय रुजू व्हायला नकार दिला.

मॉड्यूल म्हणजे संगणकाच्या गाभ्यात बसून पातळीमापकाचे आकडे वाचणारा छोटा प्रोग्राम. आकडा मिळाल्याशिवाय दरवाजे उघडू नयेत, असा खात्याचा लेखी आदेश. पाणी चढत होते, आणि खाली पांढरवस्तीत तीनशे माणसे होती. आदेश काढणारे तिथे राहत नाहीत.

प्रोग्रामर नीलिमा दुधगावकरने मॉड्यूलचा सुरुवातीचा कोड तीनदा ओळीओळीने तपासला. दोष नव्हता. तरी दरवेळी पडद्यावर तेच उमटे : ‘जागा पूर्वीच्या धारकाच्या नावे आहे. चार्ज यादी सादर करावी.’

“जुन्याला काढलं कुणी?”

“मीच,” उपअभियंता घुगरे म्हणाले. “मार्चमध्ये अडकलं होतं. ओढून काढलं.”

“यादी न घेता?”

“अहो मॅडम, प्रोग्रामची काय सही घ्यायची?”

“तुम्ही बदलीच्या वेळी चार्ज द्यायला अकरा दिवस लावलेत, साहेब. खुर्च्या मोजत होतात!”

घुगरे खिडकीशी गेले. पाणी दरवाजांच्या माथ्यापासून दोन हात खाली होते.

नीलिमाने जुने मॉड्यूल बॅकअपमधून परत आणले. यादी देण्याआधी त्याने मार्चपासूनची गैरहजेरी अर्जित रजा धरण्याची मागणी केली.

“द्या हो, काय हवं ते द्या!” घुगरे ओरडले आणि समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही करत सुटले.

आठ वाजून बावन्न मिनिटांनी नवे मॉड्यूल ‘मध्यान्हपूर्व रुजू’ झाले. आकडा आला. चारही दरवाजे उचलले.

खात्याने दुपारी पत्रक काढून याला ‘किरकोळ तांत्रिक विलंब’ म्हटले. बहात्तर मिनिटे किरकोळ!

चार्ज यादी नीलिमाने संध्याकाळी वाचली. दरवाजा एक ते चार : बंद. दरवाजा पाच : मार्चपासून बंद, आज चार्ज देताना उघडला. खाली घुगऱ्यांची सही : ‘पाचही दरवाजे ताब्यात मिळाले.’

“टायपिंगची चूक असेल,” घुगरे म्हणाले. पण तिच्या नजरेला नजर देईनात.

ती भिंतीवरून चालत गेली आणि दरवाजे मोजून आली. चार.

धरणातले पाणी मात्र चार दरवाजांच्या हिशेबापेक्षा बरोबर सव्वापट वेगाने उतरते आहे. नदीत चारांचेच पोचते. उरलेले कुठे निघाले आहे आणि तिकडे कोणती वस्ती आहे, हे बुधवार सायंकाळपर्यंत खात्यातल्या कुणीही सांगितलेले नाही.