माशांच्या पाण्यातलं पुरण

बावधनला राहायला गेल्यापासून मेहेंदळ्यांच्या घरात डाळ शिजेनाशी झाली. आता तुम्ही म्हणाल, डाळ न शिजायला काय झालं? तर तुम्ही नक्की पेठेत राहता आणि तुमच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. बावधनच्या त्या सोसायटीत बोअरचं पाणी, ते आटलं की टँकरचं. बादलीला पांढरे थर, नळाला पांढरी दाढी. कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारी जागे व्हायचे, पण तुरीची डाळ आपली तळाशी ठाण मांडून बसलेली आणि वर पिवळं पाणी. नारायण पेठेत जिच्या वरणासाठी लोक दुसऱ्यांदा वाटी पुढे करत, त्या उल्काताईंनी हे कसं सहन करावं?

त्यात गौरीजेवणाला नणंदबाई आल्या. मंदाकिनीबाई, शुक्रवार पेठ, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी वरणभाताचा घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, “चव छान आहे गं उल्का. डाळीची आणि पाण्याची अजून ओळख झालेली दिसत नाही, एवढंच.”

तो घास उल्काताईंच्या घशात अडकला तो अडकलाच.

“अहो, स्वयंपाकघरात एक आरओ बसवून घ्या ना,” त्या यजमानांच्या मागे लागल्या.

“कशाला? पाणी ते पाणी,” श्यामसुंदर मेहेंदळे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि ‘कशाला’ हा शब्द बँकेने त्यांना पेन्शनसोबत दिला होता.

असं वर्षभर चाललं. मग डॉक्टरांनी श्यामरावांना सांगितलं की निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा. डॉक्टरांच्या मनात सकाळी टेकडीवर फिरायला जाणं वगैरे असावं. श्यामराव परत येताना एका मित्राकडे डोकावले, त्याच्या दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्यातले मासे पाहिले आणि खुळावले. आठ दिवसांत मेहेंदळ्यांच्या दिवाणखान्यातलं शोकेस माळ्यावर गेलं आणि तिथे काचेची भलीमोठी टाकी आली. मासे दोनच, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. श्यामरावांनी त्यांची नावं सोनबा आणि शालू ठेवली. स्वतःच्या मुलाचं नाव ठेवताना हा माणूस बारशाला उशिरा पोचला होता.

माशांच्या दुकानातला माधव टाकी लावून देताना म्हणाला, “काका, नळाचं पाणी अजिबात घालू नका हं. मासे उताणे होतील. आधी पाण्यातलं सगळं काढून टाकायचं, मीटर शून्य दाखवायला पाहिजे. मग त्यात समुद्राचं मीठ कालवायचं. आणि रोज जेवढं पाणी उडून जाईल तेवढं नुसतं शून्याचं पाणी वरून घालायचं.”

“म्हणजे आधी क्षार काढायचे,” उल्काताई स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाल्या, “आणि मग मीठ घालायचं?”

“हो काकू.”

“बरं,” उल्काताई म्हणाल्या आणि आत गेल्या. पुण्यात ‘बरं’ या शब्दाला घाबरून राहावं, हे श्यामरावांना इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बुधवार पेठेत मशीन बघायला गेले.

“घरात माणसं किती?” दुकानदाराने गल्ल्यावरून न उठता विचारलं.

“दोन.”

“मग हे छोटं घ्या. पिण्यापुरतं पुष्कळ.”

“पिण्यासाठी नकोय. मासे राहणार आहेत.”

“राहू देत की. हे बघा, यात पाणी शुद्ध होतं आणि नंतर चांगले क्षार परत घालतात. आरोग्याला उत्तम.”

“क्षार नकोत मला. पार शून्य पाहिजे. मीठ मी घरी घालणार आहे.”

दुकानदार आता मात्र उठला. “काका, आमचं मशीन खाऱ्या पाण्याचं गोडं करतं.”

“मला गोड्याचंच खारं करायचंय. पण आधी ते नीट गोडं व्हायला पाहिजे.”

दुकानदाराने हात जोडले आणि माळ्यावरून सगळ्यात महागडं मशीन काढून दिलं. असं गिऱ्हाईक रोज येत नाही. वर पाण्यातले क्षार मोजायचा पेनाएवढा मीटरही गळ्यात मारला. हिंदुराव नावाचा दुकानाचा मेकॅनिक घरी येऊन स्वयंपाकघरालगतच्या बाल्कनीत मशीन बसवून गेला. एका बारीक नळीतून थेंब थेंब पाणी खालच्या निळ्या पिंपात पडायला लागलं. श्यामरावांनी मीटर बुडवला. शून्य! त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून ते शून्य दाखवलं.

उल्काताई कुकर लावत होत्या. त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं. मग हातातल्या डाळीकडे पाहिलं. श्यामराव शेजाऱ्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेवढ्यात त्यांनी पिंपातून एक तांब्या भरून घेतला.

काय सांगावं! तीन शिट्ट्यांत डाळीचं लोणी झालं. उल्काताईंनी झाकण उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वर्षभराने त्यांची डाळ त्यांना परत भेटली होती.

“आज वरण काय झालंय!” श्यामरावांनी वाटी पुढे केली. “बघ, मी म्हणत होतो ना, पाणी ते पाणी. मन लावून केलं की होतं.”

उल्काताईंच्या मनात एक क्षणभर जी दया उरली होती, तीही या वाक्याने संपली. जेवणं उरकल्यावर त्यांनी नळाचं एक तांब्या पाणी पिंपात ओतून पातळी सारखी करून ठेवली. पाणी ते पाणी. यजमानांचाच शब्द.

पुढे तांब्याची कळशी झाली. आधी वरण, मग भात, मग चहा, मग आठवड्यातून एकदा केस धुणं. केस रेशमासारखे झाले, ते अर्थात श्यामरावांना दिसले नाहीत. त्यांना टाकीच्या काचेवर आलेला चॉकलेटी थर दिसला. वाळूवर तांबूस बुरशीसारखं काही पसरलं. सोनबा कोपऱ्यात तोंड करून बसायला लागला आणि शालू त्याच्याकडे पाठ करून. श्यामरावांनी पिंपात मीटर बुडवला. शून्याचं दीडशे झालं होतं.

हिंदुराव आला, सगळे फिल्टर बदलून गेला. मीटर दोनशेवर गेला. हिंदुराव परत आला, डोकं खाजवून म्हणाला, “काका, हे मशीन तुमच्या पान्याला पुरं पडत न्हाई. मोठं घ्या.”

श्यामराव बुधवार पेठेत जाऊन मोठं घेऊन आले. जुनं माळ्यावर शोकेसच्या सोबतीला गेलं. मोठ्या मशीनखाली मोठं पिंप आलं, त्यामुळे उल्काताईंची चांगली सोय झाली. मीटर अडीचशेवर गेला. घरात मासे वाळत चालले होते आणि श्यामराव रोज दोन वाट्या वरण ओरपून फुगत चालले होते.

“माझ्याच नशिबी फसवं मशीन यायचं होतं,” ते भात कालवताना उसासा टाकत. “सोनबाने आज दाण्याला तोंडसुद्धा लावलं नाही गं. मला बघवत नाही.”

उल्काताईंना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या दिवशी त्यांनी चहा नळाच्या पाण्याचा केला. पण संध्याकाळीच फोन आला. मंदाकिनीबाई होळीला जेवायला येणार होत्या. “पुरणपोळी कर म्हणणार होते,” वन्सं म्हणाल्या, “पण राहू दे. तुमच्याकडे हरभऱ्याची डाळ शिजायची म्हणजे शिमग्याला घातलेली गुढीपाडव्याला.”

झालं! आता सोनबा असो की शालू, दयामाया संपली. होळीच्या सकाळी उल्काताईंनी पिंप तळापर्यंत उपसलं. डाळीला, कटाच्या आमटीला, कणकेला, भाताला, सगळ्याला शून्याचं पाणी. उरलेलं मोठ्या पातेल्यात भरून ओट्यावर झाकून ठेवलं. आणि पिंप नळाखाली धरून काठोकाठ भरून ठेवलं.

मंदाकिनीबाई आल्या. पान वाढलं. पोळीचा पहिला घास तोंडात गेला आणि शाळेतल्या तीन पिढ्यांनी कधी पाहिलं नसेल असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

“उल्का,” त्या म्हणाल्या, “हे पुरण आहे की लोणी?”

उल्काताईंना आकाश ठेंगणं झालं. आणि नेमकी दाराची बेल वाजली. दारात हिंदुराव. श्यामरावांनी कालच त्याला गुपचूप बोलावलं होतं, कारण शालूही आता दाणे खात नव्हती.

“तू बस ताई, मी आलोच,” म्हणत ते हिंदुरावला घेऊन बाल्कनीत गेले. पिंपात मीटर बुडवला. चारशे साठ! नळाचं पाणीही चारशे साठच दाखवायचं. पण माणूस बँकेतला. जमा किती आणि शिल्लक किती, हे वेगवेगळं बघायची सवय. त्यांनी मीटरवर थेट नळीतला थेंब धरला. शून्य. पुन्हा धरला. शून्य.

नळीतून शून्य पडतंय आणि पिंपात चारशे साठ. मग मधलं पाणी जातं कुठे? श्यामरावांची नजर फिरत फिरत स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गेली. त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि मीटर बुडवला.

शून्य.

त्यांनी मान वर केली. शेजारी पुरणयंत्र, कटाच्या आमटीचं पातेलं, मऊसूत वरण. दोन महिन्यांच्या सगळ्या वाट्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात उल्काताई हातात तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

एवढ्यात हिंदुराव बाल्कनीतून खणखणीत आवाजात ओरडला, “काका! ह्यात तर नळाचं हाय, माशांचं पानी गेलं कुठं?”

“माशांचं पाणी?” बाहेरून मंदाकिनीबाईंचा आवाज आला. अंड्याचा केकसुद्धा खिडकी उघडी ठेवूनच कापू देणारी कट्टर शाकाहारी बाई ती. “कुठलं गं माशांचं पाणी? स्वयंपाकघरात काय करतंय ते?”

उल्काताईंनी श्यामरावांकडे पाहिलं. एक शब्द श्यामरावांच्या तोंडून निघाला असता, तर वन्सं पानावरून उठल्या असत्या आणि शुक्रवार पेठेत पुढच्या दहा होळ्यांना ही पुरणपोळी गाजली असती.

“काही नाही ताई,” श्यामराव म्हणाले. “मशीन खराब झालंय माशांचं. गळतंय.”

“मशीन?” हिंदुरावाला ते लागलं. “मशीन झ्याक हाय काका! आत्ता तुमीच शून्य बगितलं की!”

“खराब आहे म्हटलं ना!”

“थेंब गळत न्हाई, बगा की!”

“अरे, मी नवीन घेतोय!” श्यामराव काकुळतीला येऊन म्हणाले. “आजच्या आज तिसरं मशीन पाठवून दे. जा बाबा तू आता.”

तिसऱ्या मशीनचं नाव काढल्याबरोबर हिंदुरावाला ते दुसरं चांगलंच गळताना दिसायला लागलं. “व्हय, गळतंय खरं,” म्हणत तो गेला.

मंदाकिनीबाईंनी तिसरी पोळी घेतली. “हे बघ उल्का, वाईट वाटून घेऊ नकोस. वर्षभर तू आमच्या श्यामला पाण्यावरून बोलत होतीस. आज सिद्ध झालं की नाही? पाण्यात काही खोट नव्हती.”

उल्काताईंनी तोंड उघडलं. पण बोललं तर पुरण जातं, आणि गप्प बसलं तर वर्षभराचं भांडण जातं. त्यांना अगदी रडायला आलं.

“खोट होती, ताई,” श्यामराव पानावर बसत म्हणाले. “पाण्यातच होती. उल्का सांगत होती, मीच ऐकलं नाही.”

वन्सं गेल्यावर दोघं टाकीसमोर बसली. उल्काताई म्हणाल्या, “वर्षभर तोंड वेंगाडत होते मी. माशांना शून्य आणि मला चारशे साठ. फार लागलं हो मनाला.”

“चुकलंच माझं,” श्यामराव म्हणाले. “पण सोनबाने काय केलं होतं तुझं?”

“काही नाही बिचाऱ्याने,” म्हणत उल्काताईंनी डोळे पुसले. मग त्या उठल्या आणि ओट्यावरचं उरलेलं पातेलंभर पाणी स्वतःच्या हाताने माशांच्या पिंपात ओतायला गेल्या.

“थांब, थांब! आधी पिंपातलं ते चारशे साठ ओतून टाक!” श्यामराव ओरडत मागे धावले.

तिसरं मशीन स्वयंपाकघरात बसलं. दुसरं माशांचं राहिलं. काच स्वच्छ झाली, सोनबा आणि शालू पुन्हा एकमेकांकडे तोंड करून पोहायला लागले. सगळं कसं सुरळीत झालं आणि मंदाकिनीबाईंचा फोन आला. उल्काताईंनी तो ऐकला आणि ठेवला.

“काय म्हणाली ताई?”

“म्हणाल्या, बावधनचं पाणी फार मानवलं. त्या दिवशीपासून पोट कसं हलकं वाटतंय. उन्हाळाभर येतायत राहायला.”

श्यामराव आवाज खाली आणून म्हणाले, “उल्का, एक सुचवू? डाळ नळाच्या पाण्यात लाव. चार दिवसांत जाईल परत.”

“अजिबात नाही,” उल्काताई ताडकन म्हणाल्या. “आत्ता कुठे माझ्या वरणाचं नाव झालंय. वन्सं वर्षभर राहिल्या तरी त्यांची डाळ शून्यातच शिजेल.”

त्यांनी कुकर गॅसवर चढवला, थोडा विचार केला, आणि कोपऱ्यातला माठ उचलून बेसिनच्या नळाखाली ठेवला.

“पिण्याचं मात्र हेच देऊ या,” त्या म्हणाल्या. “पाणी ते पाणी.”